अण्णांची बिडाची चौकट बंगळूरला

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी शिवाप्पा मिस्त्रींचं नाव घेतो. आईला त्याचं वाईट वाटत नाही. ती स्वतःच म्हणते, "आम्ही जल्म दिला, त्यांनी माणसात बसवलं."

शिवाप्पा मिस्त्रींना सगळे अण्णा म्हणतात. राहायला मंगळवार पेठेत आणि काम उद्यमनगरात, पुतण्याबरोबर चालवलेल्या एका लहानशा शेडमध्ये. मूळ घर सीमेकडचं, त्यामुळं खूप रागावले की कानडीत रागावतात. मी खेड्यातून कोल्हापूरला कॉलेजला आलो तेव्हा आमच्या घराण्यात दहावी झालेलं कुणी नव्हतं. शेडमध्ये चार लोखंडी खांबांवर पत्र्याचा एक माळा होता. तो अण्णांनी मला राहायला दिला. बी.एस्सी. आणि एम.एस्सी.ची पाच वर्षं मी तिथं काढली. खाली लोखंड कातायचा लेथ चालू असायचा आणि वर माझं पुस्तक थरथरायचं.

दुसऱ्या वर्षाला असताना एकदा मी प्रयोगाच्या वहीत आलेलं माप बदलून पुस्तकातल्या उत्तराशी जुळवून टाकलं आणि संध्याकाळी ते गंमत म्हणून अण्णांना सांगितलं. अण्णांनी लेथ बंद केला. "माप जे आलं ते लिवायचं. पुस्तकात काय हाय ते पुस्तकाला म्हाईत हाय की! मायक्रोमीटर खोटं बोलत न्हाई, माणूस बोलतोय." मी दुसऱ्या दिवशी पान फाडलं आणि प्रयोग पुन्हा केला. आज मी गारगोटीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, तो त्या फाटलेल्या पानावर उभा आहे असं मला नेहमी वाटतं.

निघण्याआधी

आमच्या कॉलेजात उन्हाळ्यात बंगळूरचे एक प्राध्यापक व्याख्यानाला आले होते. मी त्यांना मुलांसाठी मांडलेला एक प्रयोग दाखवला. प्रकाशाच्या एका किरणाचे दोन करायचे, त्यांना आरशांवरून फिरवून परत एकत्र आणायचं, म्हणजे पडद्यावर काळे-उजळ पट्टे दिसतात. आरसे धरायला ज्या चौकटी होत्या त्या अण्णांनी केलेल्या. प्राध्यापकांनी पट्टे पाहिले दोन मिनिटं आणि चौकटी पाहिल्या दहा मिनिटं. जाताना म्हणाले, "दसऱ्यानंतर आमच्याकडे एक बैठक आहे. देशात क्वांटम तंत्रज्ञान पुढं कसं न्यायचं, याचा राष्ट्रीय आराखडा करायची पहिली चर्चा. तुम्ही या. आणि एक चांगली चौकट घेऊन या."

मी हे अण्णांना सांगायला शेडवर गेलो. ते म्हणाले, "क्वांटम म्हंजे काय ते आधी सांग."

मी म्हणालो, "प्रकाश पाण्यासारखा सलग येत नाही, अण्णा. दाण्यादाण्यानं येतो. एकेक दाणा हाताळता आला तर कुणालाही चोरता येणार नाही असा निरोप पाठवता येईल. आजच्या कॉम्प्युटरला न सुटणारी गणितं सुटतील."

"आणि त्यात आपली चौकट काय करणार?"

"आरसा धरणार. हलू देणार नाही."

"मग येतंय की आपल्याला ते."

पण बोलताना त्यांची नजर दुसरीकडं होती. त्यांचा पुतण्या महेश दिवाळीत कॉम्प्युटरवर चालणारं नवं मशिन आणणार होता. शेडमध्ये जागा तेवढी नव्हती. मशिनसाठी एकतर माळा आणि त्याचे चार खांब काढावे लागणार, नाहीतर अण्णांचा जुना लेथ. महेशचं म्हणणं सरळ होतं, माळ्यावर आता रिकामी पिंपं तेवढी आहेत. अण्णा त्याला तयार नव्हते. माझ्यासमोरच म्हणाले, "माळा ऱ्हाऊ दे. तिथं एक जण एम.एस्सी. झालाय. लेथ म्हातारा झालाय, आणि मीबी."

मी वर माळ्याकडं बघत राहिलो.

दसरा झाल्यावर, निघायच्या आदल्या दिवशी, मी पुन्हा शेडवर गेलो तेव्हा त्यांनी माझ्या हातात चौकट दिली. बिडाची होती, म्हणजे तव्याच्या लोखंडाची, तळहाताएवढी आणि विटेपेक्षा जड. मागं तीन बारीक स्क्रू. ते फिरवले की आरसा केसाच्या अंशानं कलतो. "दोन स्क्रू झाक झाल्यात. तिसरा मला आवडला न्हाई," अण्णा म्हणाले. "आता ऐक मास्तर. तिथं जाऊन नीट बघ. आपल्या हाताचं काम त्या आराखड्यात बसतंय का न्हाई, तेवढं कळव. न्हाई म्हणाले तर लेथ मी सवता भंगारात घालतो, दुसऱ्याला हात लावू देणार न्हाई. पण गोड सांगू नकोस. माप आलं ते लिवायचं."

फोनवर अण्णांना नीट ऐकू येत नाही, लेथशेजारी चाळीस वर्षं गेल्यावर कान असेच होतात. म्हणून मी पत्र लिहायचं कबूल केलं.

रेल्वेत

चौकट मी पत्र्याच्या पेटीत ठेवून बाकाखाली सरकवली होती. जयसिंगपूरला एक वयस्कर व्यापारी आणि त्यांच्या पत्नी चढले. बसता बसताच काकांच्या पायाचा अंगठा पेटीवर आपटला.

"अय् ययाई! पावणं, पेटीत दगडं भरल्यात काय?"

"लोखंड आहे, काका."

"बंगळूरला लोखंड मिळत न्हाई व्हय?"

मी त्यांना सगळं सांगितलं. मी सांगत असताना काकूंनी धपाट्यांचा डबा उघडला, मी माझी भाकरी आणि खर्डा काढला. खर्डा चाखून काकांच्या डोळ्यांत पाणी आलं तरी त्यांनी दुसऱ्यांदा घेतला. ते म्हणाले, "म्हंजे प्रकाशाच्या एका कणावर दिल्लीपातूर आराखडा होणार? आमच्या गल्लीतल्या गटारीचा आराखडा अजून यायचाय की."

काकू म्हणाल्या, "गटार रोज दिसतीय तुमाला, म्हणून तिचा आराखडा हुईत न्हाई. ह्यो कण दिसत न्हाई, म्हणून हुईल बघा."

मी हसलो, पण वाक्य डोक्यात राहिलं. पुढं दोन दिवसांत जे पाहिलं त्याला ते इतकं लागू पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

संस्थेत, पहिला दिवस

मी इतकी झाडं एका आवारात कधी पाहिली नव्हती. इमारती दगडी, ठेंगण्या, झाडांच्या मागं लपून बसल्यासारख्या. सायकलवरून जाणारा पांढऱ्या केसांचा माणूस शिपाई असेल की जगाला माहीत असलेला शास्त्रज्ञ, हे ओळखता येत नव्हतं. आमच्याकडे प्राचार्यांची खुर्चीसुद्धा लांबून ओळखू येते.

मेसमध्ये केळीच्या पानावर जेवण. सांबार गोडसर, पहिल्या घासाला मी दचकलो. वाढणारा भातावर भात घालत होता. मला अण्णांचा शब्द आठवला. स्क्रू हवा तेवढा बसला की ते म्हणायचे, "साकु", म्हणजे कानडीत पुरे. मी हात आडवा धरून "साकु, साकु" म्हणालो तसा वाढणारा खूश होऊन शेजारच्याला काहीतरी सांगू लागला आणि मला वर आणखी एक पापड मिळाला.

दुपारी मीनाक्षी नावाच्या संशोधक मुलीनं मला प्रयोगशाळेत नेलं. ती मदुराईकडची, बोलणं भरभर, निम्मं हिंदी आणि निम्मं इंग्रजी. दाराबाहेर चपला काढायच्या, डोक्यावर टोपी, अंगावर पांढरा झगा. देवळात शिरताना आपण एवढी तयारी करत नाही.

आत अंधूक उजेड होता. मधोमध लोखंडी टेबल, बैलगाडी उभी राहील एवढं मोठं, आणि ते हवेच्या उश्यांवर तरंगत होतं, रस्त्यावरून ट्रक गेला तरी टेबलाला कळू नये म्हणून. टेबलावर पन्नासेक आरसे आणि भिंगं. मीनाक्षी म्हणाली, "उजेड इतका कमी केलाय, की वाटेत एका वेळी एकच कण असतो. आता पडद्याकडे बघा."

कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर एक ठिपका उमटला. मग दुसरा, भलतीकडंच. तिसरा आणखी तिसरीकडं. जोंधळा पाखडताना सुपाबाहेर उडालेल्या दाण्यांसारखे ते कुठंही पडत होते. मी म्हणालो, "याला काही शिस्त दिसत नाही."

"थांबा की जरा," ती म्हणाली. "सगळ्यांना घाई."

दहा मिनिटं आम्ही उभे होतो. ठिपके शेकड्यांनी झाले, मग हजारांनी, आणि हळूहळू त्यांतून पट्टे दिसू लागले. एक उजळ, एक काळा, एक उजळ. माझ्या अंगावर काटा आला. कण एकेकटा आला होता. त्याच्या पुढं कुणी नव्हतं, मागं कुणी नव्हतं. तरी प्रत्येक कणाला दोन्ही वाटा माहीत असल्यासारखं कुठं पडायचं नाही हे ठाऊक होतं. हे गणित मी दहा वर्षं फळ्यावर शिकवलंय. मुलांना पाठ करून घेतलंय. खरं होताना पहिल्यांदा पाहिलं. मला हात जोडावेसे वाटले, पण मीनाक्षी शेजारी होती म्हणून मी ते झग्याच्या खिशात घातले.

"वाटेतला आरसा केसाच्या हजाराव्या भागाएवढा जरी हलला," ती म्हणाली, "तर पट्टे पुसले जातात. आणि कण एकेकच येतो, म्हणून आरसा तासन्‌तास हलता कामा नये. आमची सगळी मारामारी त्या एका गोष्टीशी आहे. तुमची चौकट आणलीय ना? दाखवा."

यापुढं जे झालं ते लिहायला मला अजून लाज वाटते. मी पेटी उघडली, आतलं पुडकं काढलं आणि टेबलाच्या कडेवर ठेवून सोडलं.

खंडेनवमीला उद्यमनगरात प्रत्येक यंत्राची पूजा होते. चौकट तेव्हाच तयार झाली होती, म्हणून अण्णांनी तिचीही केली होती. हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि बीड गंजू नये म्हणून वरून तेलाचा हात देऊन फडक्यात बांधलं. मला ते माहीत होतं. त्यात काही चूक आहे हे मात्र कोल्हापूर ते बंगळूर सगळ्या वाटेत एकदाही मनात आलं नाही. आपल्याकडे नवी वस्तू अशीच देतात.

फडकं सुटलं आणि सुकलेलं कुंकू उडालं. टेबलावर छतातून गाळलेली हवा सतत येत होती, त्या हवेनं ते पुढं नेलं. समोरच्या भिंगावर लाल धूळ बसलेली मला स्पष्ट दिसली.

"टेबलापासून लांब!" मीनाक्षी ओरडली. "हात लावू नका! कशालाही हात लावू नका!"

पडद्यावरचे पट्टे विस्कटले. चौकटीखाली तेलाचा एक डाग पडला होता. तीन मुलं धावत आली. भिंगं आणि आरसे एकेक करून कागदानं आणि स्पिरिटनं पुसायला घेतले. मी मदत करू का विचारलं तर एकजण म्हणाला, "सर, तुम्ही बाहेर बसलात तर फार मदत होईल." त्यात त्याचं काही चुकलं नाही.

मी बाहेर पायरीवर चौकट मांडीवर घेऊन बसलो. झग्यावर कुंकवाचा हात उमटला होता. वाटलं, आजच्या आज परत निघावं. आराखड्यात अण्णांच्या कामाला जागा आहे का, हे विचारायला आलो होतो, आणि अण्णांची चौकट दारातूनच हाकलली गेली होती. ती काय करू शकते ते कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं.

खालचं वर्कशॉप

प्राध्यापक आले आणि माझ्याशेजारी पायरीवरच बसले. चौकटीकडे बघून म्हणाले, "खंडेनवमी?"

मी मान हलवली.

"आमच्याकडे आयुधपूजा. त्या दिवशी खाली वर्कशॉपमध्ये लेथला कुंकू असतं, ड्रिलला असतं, माझ्या स्कूटरलाही असतं. फक्त वरच्या टेबलाला नसतं." मग उठले. "चला. ही वर न्यायच्या आधी खाली न्यायला हवी होती. सांगायची चूक माझी."

संस्थेचं वर्कशॉप तळघरात होतं. तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास आला आणि दिवसभरात पहिल्यांदा मला मोकळा श्वास घेता आला. तिथले फोरमन कृष्णप्पा, निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी चौकट घेतली, कपड्यानं पुसली आणि स्क्रूच्या आट्यांवरून नख फिरवलं. डोळे मिटून फिरवलं. अण्णाही असंच करतात.

"कोण केलं?"

"शिवाप्पा मिस्त्री. कोल्हापूर."

"हे दोन, फार छान. हा तिसरा..." त्यांनी तोंड वाकडं केलं.

"त्यांनाही तो आवडला नव्हता," मी म्हणालो.

कृष्णप्पा पहिल्यांदा हसले. मग चौकटीच्या अंगावर बोटानं टिचकी मारून कान लावला. "बीड किती दिवस ठेवलं होतं?"

प्रश्न मला लगेच कळला, कारण माझ्या माळ्याच्या खिडकीतून मी पाच वर्षं तेच बघत होतो. अण्णा ओतून आणलेलं बीड लगेच लेथवर चढवत नाहीत. शेडमागच्या मोकळ्या जागेत टाकून देतात. ते म्हणतात, नवं ओतलेलं बीड आतून आखडलेलं असतं, त्याला ऊन-पाऊस लागू दे, त्याचा जीव ठिकाणावर येऊ दे, मग हत्यार लावायचं. नाहीतर आज बरोबर केलेलं माप सहा महिन्यांनी आपोआप बदलतं. महेश त्यावरून चिडायचा. म्हणायचा, गिऱ्हाईक उभं आहे आणि आमचे काका लोखंडाला हवा खायला घालतात.

"दोन पावसाळे," मी म्हणालो.

कृष्णप्पांनी प्राध्यापकांकडे बघितलं आणि कानडीत काहीतरी म्हणाले. प्राध्यापकांनी मला सांगितलं, "ते म्हणतात, आता इतकं थांबतं कोण?"

कृष्णप्पांनी चौकटीचे सगळे भाग सुटे केले, साबणाच्या पाण्यात उकळले, स्पिरिटमधून काढले आणि भट्टीत वाळवले. तेल गेलं, हळद गेली. "आता गंजेल," ते म्हणाले. "पण आठ दिवस टिकेल. आठ दिवस पुरेत." पायरीवर बसलेलं लोखंड आता आतल्या दारातून जायला लायक झालं होतं. संध्याकाळी मीनाक्षीनं ते स्वतः टेबलावर बसवलं. मला तिनं दारात उभं राहायला सांगितलं, आणि मी दारातच उभा राहिलो. आरशाची हालचाल किती होते ते यंत्र रात्रभर नोंदवणार होतं.

दुसरा दिवस

सकाळी मीनाक्षी मला आधी दुसऱ्याच एका खोलीत घेऊन गेली. "इथं लोखंड न्यायचं नाही," ती म्हणाली. "किल्ल्यासुद्धा बाहेर." काचेच्या एका कुपीभोवती तांब्याच्या तारांची वेटोळी होती. छोट्या टीव्हीवर कुपीच्या आतलं चित्र दिसत होतं, आणि त्यात मधोमध एक पांढरा ठिपका. कुठंही टेकलेला नव्हता.

"ते अणू आहेत. कोट्यवधी. प्रकाशानं सगळ्या बाजूंनी ढकलून थांबवलेत."

"थांबवलेत म्हणजे?"

"आपल्या भोवतीचे अणू बंदुकीच्या गोळीच्या वेगानं पळत असतात. हे मुंगीसारखे चालताहेत. विश्वात इतकी थंड जागा आपोआप कुठं सापडत नाही, सर. ती इथं आहे, आमच्या मेसपासून शंभर पावलांवर."

मी त्या ठिपक्याकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे. आमच्या गावात वीज आली तेव्हा आजोबा दिव्याखाली असेच उभे राहिले होते, असं आई सांगते. तारेच्या वेटोळ्यांतलं चुंबकत्व तो ठिपका धरून ठेवतं, म्हणून तिथं लोखंड चालत नाही. म्हणजे अण्णांच्या बिडाला या खोलीत कधीच जागा नव्हती. ते मी वहीत लिहून घेतलं.

मग पहिल्या प्रयोगशाळेत गेलो. मीनाक्षीनं कागदाची लांब पट्टी टेबलावर पसरली. वर परदेशी चौकटीची रेघ होती, खाली अण्णांच्या. अण्णांची रेघ सुरुवातीला दोन तास चढत गेली. पण तिथून पुढं ती सपाट झाली, आणि सकाळपर्यंत सपाटच राहिली. परदेशी चौकट अॅल्युमिनियमची होती. खोली जरा गार-गरम झाली की तिची रेघ लाटेसारखी वरखाली होत होती.

"पहिले दोन तास ती स्थिरावत होती," मीनाक्षी म्हणाली. "नंतर बघा. हललीच नाही." मग माझ्याकडे बघून तिनं डोळे बारीक केले. "तरी कुंकवाचं मी विसरलेले नाही हं."

"तिसऱ्या स्क्रूचं काय?" मी विचारलं.

"उलटा फिरवला की जरा वेळ काहीच होत नाही. मग एकदम हलतो. त्यात प्ले आहे, थोडी ढिलाई." मी तेही लिहिलं.

बैठक दुपारी होती. तीसेक माणसं, दिल्ली, अलाहाबाद, मुंबई, कुठून कुठून आलेली. फळ्यावर मधोमध उभी रेघ मारून दोन रकाने केले होते. डावीकडे, बाहेरून काय आणायचं. उजवीकडे, आपण काय करायचं. डावा रकाना वरपासून खालपर्यंत भरला होता. लेझर, कण मोजणारी यंत्रं, निर्वात कुप्या, भिंगं, आरसे, चौकटी. उजवीकडे दोनच ओळी होत्या, गणित आणि विद्यार्थी. एकजण म्हणाला, "बाहेरून येईपर्यंत वर्ष जातं. कधी येतच नाही. वीस वर्षांचा आराखडा आपण दुसऱ्याच्या गोदामावर उभा करतोय."

प्राध्यापकांनी मला उभं केलं. माझं इंग्रजी मराठीच्या चालीचं आहे. मी चौकट टेबलावर ठेवली आणि सांगितलं, हे कुणी, कशावर केलं आणि किती थांबून केलं. ती हातोहात फिरू लागली. "चोर हिला नेणार नाही," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीनाक्षीनं कागदाची पट्टी लावली तेव्हा हसणं थांबलं. दिल्लीचे एक गृहस्थ पट्टीजवळ जाऊन वाकून बघू लागले.

मग मी तिसऱ्या स्क्रूचंही सांगितलं. आणि अणूंच्या खोलीत हे बीड चालणार नाही, तेही सांगितलं.

दिल्लीचे गृहस्थ वळले. "काम उत्तम आहे. पण एक नमुना म्हणजे धोरण नव्हे. अशा वीस करतील का ते? सगळ्या सारख्या?"

मला "हो" म्हणायचं होतं. शब्द अगदी जिभेच्या टोकापर्यंत आला होता. पण अण्णांनी एकसारख्या वीस चौकटी केलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. मी म्हणालो, "माहीत नाही. विचारावं लागेल."

मग प्राध्यापक खडू घेऊन फळ्यापाशी गेले. डाव्या रकान्यातला 'चौकटी' हा शब्द त्यांनी पुसला आणि उजवीकडे तिसरी ओळ लिहिली: आरशांच्या चौकटी, देशातल्या लहान कारखान्यांत. थोडं थांबले आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

मला आणखी चार दिवस थांबवून घेतलं, मोजमाप शिकायला. दिवाळी जवळ आली होती आणि महेशचं मशिन वाटेत असणार होतं. मी त्याच संध्याकाळी आवारातल्या पोस्टात बसून हे पत्र लिहिलं आणि स्पीड पोस्टानं पाठवलं.

*ती. अण्णांस,*
*सा. न. वि. वि.*

*तुम्ही सांगितलं होतं तसं, माप आलं ते लिहितो.*

*चौकट एक पूर्ण रात्र तपासली. पहिले दोन तास सरकली. नंतर हलली नाही. परदेशी चौकटीपेक्षा सरस ठरली. इथल्या वर्कशॉपचे फोरमन कृष्णप्पा यांनी तुमचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि बीड दोन पावसाळे ठेवलं होतं हे ऐकून खूश झाले. तिसऱ्या स्क्रूत प्ले आहे. तुमची शंका बरोबर होती. त्यांच्या नखालाही ती लगेच कळली.*

*कुंकवानं आणि तेलानं इथं एक दिवसाचं काम बिघडलं. चूक माझी. यापुढं इथं पाठवायच्या वस्तूची पूजा शेडमध्ये करावी, पण अंगाला काही लावू नये, ही विनंती.*

*एक खोली अशी आहे की तिथं लोखंड चालत नाही. तिथं बिडाचं काम नाही. चुंबकाला न चिकटणारं गनमेटल चालेल का ते मी विचारतोय.*

*आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आराखड्याच्या फळ्यावर आपल्या कामाची एक ओळ आली आहे. तिच्या पुढं प्रश्नचिन्ह आहे. त्यांना वीस चौकटी हव्यात, सगळ्या सारख्या, मग ते प्रश्नचिन्ह काढतील. तुम्हाला जमेल असं मी त्यांना सांगितलेलं नाही. मला माहीत नव्हतं, म्हणून सांगितलं नाही. तुम्ही सांगा.*

*माझ्या समजुतीप्रमाणं चौकटींचं अंग महेशच्या नव्या मशिनवर सारखं निघेल. आटे तुमच्याच लेथवर, तुमच्याच हातानं लागतील. म्हणजे शेडमध्ये दोन्ही हवीत. शेडमागं पडलेल्या बिडात दोन पावसाळे झालेले किती नग आहेत ते मोजून ठेवा. कमी पडतील ते आजच ओतून बाहेर टाका. पाऊस संपला, पण थंडी तरी लागेल.*

*जागेचं मी तेव्हा बोलायला हवं होतं, बोललो नाही. माळा काढा, अण्णा. चारी खांब काढले की लेथ आहे तिथंच राहतो. तिथं जो एम.एस्सी. झाला त्याचं आता माळ्यावाचून अडत नाही. लेथवाचून अडेल.*

*महेशला सांगा, खांबांचे बोल्ट गंजलेत, आधी रॉकेल सोडून एक दिवस ठेवायचे. मी शुक्रवारी येतो. शिडी मी धरतो.*

*तुमचा,*
*सुभाष*